जपानमध्ये घर मांडताना : पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

मार्च २०१९ मध्ये मी नोकरीसाठी एकटीच टोकियोला आले. नवरा आणि चार वर्षांची मुलगी कोल्हापुरात होती, ती दोघं जूनमध्ये आली. मधल्या काळात रोज संध्याकाळी मी वहीत लिहून ठेवत होते : आज काय अडलं, का अडलं, आधी काय केलं असतं तर अडलं नसतं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी नवीन आलं की ती वही मी त्यांना वाचून दाखवते. हा लेख त्या वहीवरूनच लिहिला आहे.

इथे कामं क्रम चुकल्यामुळे अडतात. बँक फोन नंबर मागते, फोनवाला बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागतो, आणि दोघंही रहिवासी कार्डामागे छापलेला पत्ता मागतात. पत्ता छापायला घर लागतं. क्रम नीट लावला तर महिन्याभरात सगळं मार्गी लागतं. नाहीतर प्रत्येक काउंटरवरून अत्यंत नम्रपणे परत पाठवलं जातं.

मी एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहते. १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखांच्या दुरुस्तीच्या कामासाठी आलेले भारतीय इंजिनिअर इथे राहू लागले, कारण तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं वीस मिनिटांच्या आत गाठता येतात. आज स्टेशनपासून घरापर्यंत चालताना मराठी कानावर पडतं. २०१९ च्या वॉर्ड निवडणुकीत मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक इथूनच नगरसेवक म्हणून निवडून आले. तुम्ही ओसाका किंवा नागोयाला जात असाल तर तपशील थोडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. निघण्याआधी : कागद आणि बॅग

हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

- पासपोर्ट, व्हिसा आणि सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे जपानमध्ये राहायला पात्र असल्याचं प्रमाणपत्र. हे सर्टिफिकेट दिल्या तारखेपासून तीन महिने चालतं, तेवढ्यात जपानमध्ये पोचलं पाहिजे.
- कंपनीचं नेमणूकपत्र, त्यावर टोकियोच्या ऑफिसचा पत्ता आणि फोन.
- विवाह नोंदणी दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, मूळ प्रती. सोबत जपानी भाषांतर.
- पदवीची प्रमाणपत्रं.
- चार बाय तीन सेंटिमीटरचे आठ-दहा फोटो. आपला नेहमीचा पासपोर्ट साइज फोटो इथे बऱ्याच अर्जांना चालत नाही.
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी.
- परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड आणि थोडे रोख येन.

दाखल्यांच्या भाषांतराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वॉर्ड ऑफिसात कुटुंब नोंदवताना नातं सिद्ध करणारा कागद जपानी भाषांतरासह द्यावा लागतो. भाषांतर जपानी येणारा कुणीही करू शकतो, फक्त खाली त्याचं नाव लिहायचं असतं. पण ग्रामपंचायतीचा जन्मदाखला नुसता मराठीत असेल, तर इथे तो वाचणारा माणूस शोधण्यात आठवडा जातो. इंग्रजी प्रत भारतातूनच घेऊन या.

बॅगेत काय नको तेही सांगते. फळं, भाज्या, ताजा कढीपत्ता, बियाणं, अख्खी कडधान्यं आणि कुठलाही मांसाचा पदार्थ आणू नका. वनस्पतींना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर विमानतळावर काढून घेतात. आईने प्रेमाने दिलेली हापूसची पेटीसुद्धा सुटत नाही. भारतातल्या आंब्यांना जपानने २००६ मध्ये दार उघडलं ते वाफेची प्रक्रिया आणि तपासणी झालेल्या आंब्यांसाठी. बंद पाकिटातले दळलेले मसाले मात्र आणा. डाळी, पोहे, रवा इथल्या भारतीय दुकानांत मिळतात, पण घरचा कांदा-लसूण मसाला मिळत नाही.

औषधांचा नियम कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची, दुकानात सहज मिळणारी दोन महिन्यांची, एवढीच परवान्याशिवाय आणता येतात. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं, त्यांना पूर्ण बंदी आहे. पाकीट उलटून घटक वाचा.

२. विमानतळ : कार्ड तपासून घ्या

नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर तिथेच झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड हातात देतात. रांगेतून बाजूला होऊन नाव, जन्मतारीख आणि वास्तव्याचा प्रकार तपासा. हे कार्ड कायम जवळ बाळगणं १६ वर्षांवरील प्रत्येक परदेशी माणसाला कायद्याने बंधनकारक आहे. कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा.

३. तुमचं नाव एकदाच ठरवा

हा भाग सावकाश वाचा, कारण मराठी नावांना इथे सगळ्यात जास्त त्रास होतो.

आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. जपानच्या दृष्टीने ते सगळं मिळून तुमचं एकच नाव. झाइर्यू कार्डावर आधी आडनाव, मग ती दोन्ही नावं, रोमन लिपीत. बँकेत, फोनच्या दुकानात, पगारपत्रकावर मात्र हे नाव काताकाना लिपीत लिहावं लागतं आणि ते कसं लिहायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं. समोरच्या माणसाला रोमन अक्षरांवरून अंदाज करायला लावलात की घोळ झालाच.

ज्ञानेश्वर हे मधलं नाव घ्या. पासपोर्टवर ते डी-एन-वायने सुरू होतं. कारकुनाने ते एक-एक अक्षर लावत ‘दोन्यानेशुवारु’ असं वाचलं तर त्याची काही चूक नाही. ल आणि र या लिपीत एकच, त्यामुळे लीला आणि रीरा सारख्याच लिहिल्या जातात. सगळ्यात फसवा आपला ‘व’. तो काताकानात ‘वा’ म्हणून लिहिता येतो, ‘बा’ म्हणूनही, आणि ‘व’साठी बनवलेल्या एका वेगळ्या चिन्हानेही. वैशाली हे नाव एका ठिकाणी ‘वाइशारी’, दुसरीकडे ‘बाइशारी’ होऊ शकतं. माणसाला ते एकच वाटेल, संगणकाला ती दोन माणसं.

माझ्या नावात ‘व’ आहे. खात्यावर ‘बा’ पडला, ऑफिसने पगारासाठी ‘वा’ लिहिला, आणि पहिल्या महिन्याचा पगार जमा न होता परत गेला. घरभाड्याची तारीख चार दिवसांवर होती. ते चार दिवस मला अजून आठवतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, जपानी येणाऱ्या सहकाऱ्याजवळ बसून तुमचं पूर्ण नाव काताकानात लिहून घ्या. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. प्रत्येक काउंटरवर तो फोटो पुढे करा आणि ‘कोरे दे ओनेगाई शिमासु’ म्हणा, म्हणजे ‘हे असंच लिहा’. पासबुक मिळालं की त्यावरच्या नावाचा फोटो ऑफिसला पाठवा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवीवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असं होतं. तिथे विवाह नोंदणी दाखलाच उपयोगी पडतो.

४. घर : किती पैसे लागतात आणि काय मिळतं

खाजगी घर घेताना भाड्याखेरीज हे खर्च येतात : शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला आभार म्हणून दिलेली, परत न मिळणारी रक्कम, दलालाची फी, हमीदार कंपनीची फी, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचे पैसे. सगळं मिळून चार ते सहा महिन्यांचं भाडं एकदम द्यावं लागू शकतं. काही मालक परदेशी भाडेकरू नको म्हणतात. वाईट वाटतं, पण तिथे वाद घालण्यात वेळ जातो. पुढच्या घराकडे वळा.

आम्ही यूआर, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेचं घर घेतलं. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही, कराराच्या नूतनीकरणाची फी नाही. मिळकतीची अट मात्र असते आणि तिचा कागद कंपनीकडून लागतो. इमारती जुन्या असतात, पण भिंती जाड असतात. लहान मूल असलेल्या घराला मी हीच सुचवेन.

घर रिकामं मिळतं म्हणजे खरोखर रिकामं. दिवे नाहीत, शेगडी नाही, पडदे नाहीत. पहिल्या रात्री मी फोनच्या उजेडात अंथरूण घातलं. चावी घेण्याच्या दिवशीच एक छताचा दिवा आणि झोपायच्या खोलीचा पडदा विकत घ्या. त्याच दिवशी भिंती, फरशी, बाथरूम, प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढा आणि स्वतःला ईमेल करून ठेवा. घर सोडताना दुरुस्तीचा हिशेब होतो तेव्हा हेच फोटो बोलतात.

आणखी एक : इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात.

वीज फोनवरून किंवा ऑनलाइन सुरू होते. गॅसचं तसं नाही. गॅस कंपनीचा माणूस घरी येऊन, तुमच्यासमोर तपासून चालू करतो. मार्च-एप्रिल हा घरं बदलण्याचा हंगाम, कारण १ एप्रिलला शाळा आणि ऑफिसांचं नवं वर्ष सुरू होतं. तेव्हा गॅसवाल्याची वेळ लवकर मिळत नाही आणि गरम पाणी गॅसवरच चालतं. घराची तारीख ठरली की त्याच दिवशी गॅसची वेळ घ्या. शेगडी घेण्यापूर्वी घरात शहरी गॅस आहे की सिलिंडरचा प्रोपेन हे विचारा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात.

वीज १०० व्होल्टची आहे. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता कण्हतो. जड ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घ्या. थोडा हळू चालतो, पण वाटण होतं. स्वयंपाकघरात इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, बुडाला लोहचुंबक चिकटणारा स्टीलचा आणा.

५. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिस

नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत कुयाकुशो, म्हणजे वॉर्ड ऑफिसात नोंद करावी लागते. अर्जाचं नाव तेन्न्यू तोदोके. हॉटेलचा पत्ता सहसा चालत नाही. महिन्याच्या भाड्याच्या सुसज्ज फ्लॅटचा चालू शकतो, आधी विचारा. मोठ्या वॉर्डांत शाखा कार्यालयं असतात, कासाई भागालाही आहे. तिथे गर्दी कमी.

सोबत न्या : सगळ्यांची झाइर्यू कार्डं, पासपोर्ट, दाखले भाषांतरासह, आणि इमारतीचं नाव व खोली क्रमांकासह जपानीत लिहिलेला पत्ता. इथे बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. चोमे म्हणजे वस्तीचा विभाग, मग गट, मग घर असा आकड्यांचा पत्ता असतो. एक आकडा चुकला तर टपाल दुसऱ्याच्या दारात जातं.

त्याच भेटीत ही कामंही उरका.

- जुमिनह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, दोन प्रती. साधारण ३०० येनला एक.
- कंपनीचा आरोग्यविमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविमा.
- मुलं असतील तर जिदो तेआते, म्हणजे बालभत्ता. परदेशी रहिवाशांनाही मिळतो. अर्ज १५ दिवसांच्या आत करा, उशीर झाला तर गेलेल्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने तीन महिन्यांनी अर्ज केला आणि ते तीन महिने गेलेच.
- मुलांचं वैद्यकीय सवलतीचं कार्ड.

अर्जावर जन्मवर्ष जपानी पद्धतीने, म्हणजे सम्राटांच्या कारकिर्दीनुसार मागतात. शोवा वर्ष काढायला इसवी सनातून १९२५ वजा करा, हेइसेइसाठी १९८८, रेइवासाठी २०१८. १९९० चा जन्म म्हणजे हेइसेइ २.

काही आठवड्यांत माय नंबरचं, म्हणजे १२ आकडी क्रमांकाचं पत्र रजिस्टर टपालाने येतं. ते आलं की लगेच माय नंबर कार्डासाठी अर्ज करा. डिसेंबर २०२४ पासून विम्याची जुनी कार्डं नव्याने देणं बंद झालं, आता हेच कार्ड दवाखान्यात चालतं. त्याची मुदत तुमच्या वास्तव्याच्या मुदतीबरोबर संपते. व्हिसा वाढवलात की हे कार्ड वाढवायलाही वेगळं जावं लागतं, ते आपोआप वाढत नाही.

आता एक अगदी लहान गोष्ट, जिच्यामुळे माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं : पत्रपेटीवर नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमनला तुम्ही तिथे राहता याची खात्री होत नाही आणि तो महत्त्वाचं टपाल परत पाठवतो. एका पट्टीवर काताकाना आणि रोमन दोन्हींत आडनाव लिहून पेटीवर चिकटवा. कुटुंबात दोन आडनावं असतील तर दोन्ही. घरी नसताना पोस्टमन आला तर पेटीत फुझाइह्यो नावाची चिठ्ठी टाकतो. त्यावरचा क्रमांक वापरून पुन्हा टपाल मागवता येतं, पण थोडेच दिवस.

६. मग फोन, मग बँक

पत्ता कार्डावर आला की आधी फोन घ्या, भारतातल्या क्रेडिट कार्डावर. नुसतं डेटाचं सिम स्वस्त पडतं, पण बँकेला बोलण्याचा नंबर लागतो. मी आधी डेटाचं घेतलं आणि पुन्हा दुसरं घ्यावं लागलं.

येऊन सहा महिने न झालेल्यांना काही बँका खातं देत नाहीत, किंवा दिलं तर परदेशी व्यवहारांवर मर्यादा घालतात. पण तुमची नोकरी जपानमधल्या ऑफिसात असेल तर गोष्ट वेगळी असते, म्हणून नेमणूकपत्र सोबत न्या. पगार ज्या बँकेत जमा होतो तीच कंपनीला विचारून निवडणं सगळ्यात सोपं. काही ठिकाणी सहीऐवजी शिक्का मागतात. काताकानातला आडनावाचा साधा शिक्का थोडक्या पैशांत करून मिळतो. व्हिसा वाढवल्यावर नवं कार्ड बँकेला दाखवायला विसरू नका, नाहीतर व्यवहार थांबवले जातात.

७. कचरा

हसण्यावारी नेऊ नका. शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं पहिलं मत कचऱ्यावरून बनतं.

वॉर्ड ऑफिसात चित्रांचा तक्ता मिळतो, बहुतेक वेळा इंग्रजीतही. तो फ्रिजवर लावा. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, कागद-बाटल्या-डबे वेगळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. सकाळी आठच्या आत ठेवायचा. आदल्या रात्री ठेवलात तर पहाटे कावळे पिशव्या फाडतात. म्हणून तिथे जाळी असते. पिशवी ठेवल्यावर जाळीची कड पुन्हा नीट खाली दाबा. आमच्या इमारतीतल्या एक आजी रोज सकाळी ती कड दगडाखाली दाबून ठेवायच्या. मी एकदा त्यांच्या आधी ते केलं आणि त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि वरचा कागद काढा, आतून विसळा, मग ठेवा. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर ‘किकेन’, म्हणजे धोका, असं लिहा. तळणीचं तेल मोरीत ओतू नका. तेल गोठवणारी पावडर मिळते, गरम तेलात घातली की वडी होते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. दिवाळीच्या फराळानंतर दोन पाकिटं लागतात.

टोकियोच्या २३ वॉर्डांत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू ‘सोदाइ गोमी’ होते. आधी नोंदणी, मग दुकानातून स्टिकर, मग ठरल्या दिवशी बाहेर. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी मात्र यातही घेत नाहीत, त्यांची पुनर्वापराची फी वेगळी भरावी लागते. कुणी फुकट जुना फ्रिज देत असेल तर तो टाकायला किती पडेल ते आधी विचारा.

चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात. ती गुपचूप उचला, पुन्हा वेगळी करा, योग्य दिवशी ठेवा.

८. शेजार

राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी जा. ५०० ते १००० येनचा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा, आणि एक वाक्य : ‘योरोशिकु ओनेगाई शिमासु’. आपल्याकडच्या ‘सांभाळून घ्या’च्या जवळ जाणारं आहे ते. मूल असेल तर त्याला घेऊन जा आणि आवाज होईल, माफ करा, हेही आधीच सांगून टाका.

इथे शेजारी थेट तक्रार करत नाहीत. जूनमध्ये मुलगी आल्यावर मी एका रात्री साडेदहाला मिक्सरवर खोबऱ्याचं वाटण केलं. तीन दिवसांनी सगळ्यांच्या पेटीत एक कागद आला : रात्री यंत्राचा आवाज येतो, कृपया सर्वांनी काळजी घ्यावी. नाव कुणाचंच नव्हतं. ऑफिसातल्या सहकारी ताईंनी तो वाचून सांगितलं, की सर्वांना लिहिलेला कागद बहुतेक एकाच घरासाठी असतो. मी त्याच संध्याकाळी सेम्बेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा घेऊन खालच्या मजल्यावर गेले. दार उघडणाऱ्या काकूंनी मलाच दोनदा वाकून माफी मागितली. त्यानंतर मिक्सर रात्री आठनंतर बंद, आणि मिक्सरखाली जाड रबराची चटई.

‘चोत्तो...’ हा शब्दही असाच ओळखायला शिका. अर्थ ‘थोडंसं’, पण कुणी श्वास आत ओढून ‘चोत्तो...’ म्हणून थांबलं की उत्तर नाही असं असतं. पुढे विनवणी करू नका.

ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, पाठीवरची सॅक पुढे घेतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे.

भाषेची भीती बाळगू नका. जपानीत क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे लागतात. ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु’ आणि ‘मी पाणी पितो’ यांची बांधणी एकच. काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या. त्यांच्या अक्षरांचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध भिक्षूंनी शिकलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच आला आहे. रोज पाच अक्षरं केली तर महिन्याभरात दोन्ही काना वाचता येतात, आणि काताकाना येऊ लागलं की दुकानातली निम्मी पाटी कळते.

९. खाणं

शाकाहारी असाल तर मुख्य अडचण दाशीची. सुक्या बोनितो माशाचा तो अर्क मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीतसुद्धा असतो. ‘निकु नाशी’, मांस नको, एवढंच म्हटलंत तर वरचे तुकडे काढून देतात, रस्सा तोच राहतो. पूर्ण वाक्य पाठ करा : ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु.’ पाकिटाच्या मागे ‘एकिसु’ आणि ‘रादो’ हे शब्द काताकानात शोधा. पहिला अर्क, तोही बरेचदा चिकन किंवा डुकराच्या मांसाचा, दुसरी डुकराची चरबी. वेफर्स आणि पावातही सापडतात.

बाजारात आपलं बरंच काही आहे. ओकुरा म्हणजे भेंडी, दाइकोन म्हणजे मुळा, रेनकोन म्हणजे कमळकाकडी, काबोचा आपल्या लाल भोपळ्यापेक्षा गोड. जपानी तांदूळ पुलावाला चालत नाही, पण मऊभाताला आणि वरणभाताला फार छान. मुलीला आता आजोळचा भात मोकळा लागतो. मसाले आणि डाळी निशी-कासाईत, शिन-ओकुबोत आणि उएनोच्या आमेयोको बाजारात मिळतात. कोथिंबीर महाग पडते, गॅलरीत कुंडीत लावा.

१०. भूकंप आणि पाणी

पहिल्या रात्रीच झोपायच्या जागेवर पडेल असं उंच कपाट ठेवू नका, असेल तर भिंतीला पट्ट्यांनी बांधा. माणशी रोज तीन लिटर धरून किमान तीन दिवसांचं पाणी घरात ठेवा. हलायला लागलं की टेबलाखाली, थांबल्यावर दार उघडून ठेवा, कारण चौकट वाकली तर दार अडकतं. फोनवर इशाऱ्याचा मोठा आवाज आला तर घाबरून बाहेर पळू नका.

एदोगावाची साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाणीपातळीच्या खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘इथे थांबून चालणार नाही’ असं लिहिलं होतं. वॉर्ड ऑफिसातून तो नकाशा घ्या आणि कुठे जायचं ते घरात सगळ्यांना दाखवा. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस चक्रीवादळ आलं तेव्हा रेल्वे आधी जाहीर करून बंद झाल्या, आदल्या दिवशीच दुकानांतला पाव संपला होता. आमच्याकडे पाणी होतं, मेणबत्त्या नव्हत्या. आता विजेरी आणि सेल दारामागच्या पिशवीत असतात.

११. आजारी पडल्यावर

आधी जवळच्या छोट्या क्लिनिकमध्ये जा. नाइका म्हणजे साधा ताप-खोकला, शोनिका मुलांचं, जिबिका कान-नाक-घसा, शिका दात. चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर ७,००० येन किंवा जास्त वेगळे पडतात. विम्यात तुमचा वाटा सहसा ३० टक्के. औषधं बाहेरच्या फार्मसीत मिळतात. तिथे मिळणारी औषधवही, ओकुसुरी तेचो, दर वेळी न्या. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. रुग्णवाहिका बोलवावी की नाही कळत नसेल तर टोकियोत #७११९, मुलांसाठी #८०००.

१२. दुसऱ्या वर्षाचा जून, आणि घरी जाताना

पहिल्या वर्षी पगार हातात जास्त येतो, त्यावर घरखर्च बसवू नका. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या मिळकतीवर, १ जानेवारीला तुम्ही जिथे राहता त्या वॉर्डात लागतो आणि जूनपासून पगारातून कापला जातो. साधारण मिळकतीच्या १० टक्के धरा. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी पहिल्या वर्षीच मोठ्या हप्त्यांची खरेदी केली आणि दुसऱ्या जूनला ओढाताण झाली.

भारतातल्या कंपनीने पाठवलं असेल तर निघण्याआधी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातून कव्हरेज सर्टिफिकेट घ्या. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे पेन्शन दोन्हीकडे न भरता एकाच देशात भरावी लागते. कुटुंब व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करायचं असेल तर आधी इमिग्रेशनची परवानगी घ्यावी लागते, आणि ती आठवड्याला २८ तासांची असते. परवानगीशिवाय एक दिवसही नको. नोकरी बदलली तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा.

गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाताना विमानतळावर एक छोटा कार्डासारखा अर्ज भरावा लागतो. त्यात परत येणार असल्याचा एक चौकोन असतो. एक वर्षाच्या आत परत येणार असाल तर त्या चौकोनात खूण करा, आणि कार्ड देताना काउंटरवरच्या माणसाला बोट ठेवून दाखवा. खूण राहिली तर तुमचा व्हिसा तिथेच संपतो. मुलांची कार्डंही तुम्हीच भरता, त्यांवरची खूणही एकदा तपासून घ्या.